गप्प बसायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. ओकच्या लाकडाची, बिनहातांची, बिनगादीची. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात मी राहते आणि माझ्यावर बसायला कुणालाही आवडत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण माझे कामच तसे आहे.

एका खेड्यातील सुताराने मला शाळेच्या बाईंसाठी घडवले. पुढे गावात मुलेच उरली नाहीत, शाळा बंद पडली आणि सामानाचा लिलाव झाला. तिथून डॉ. व्हर्ना कुचेरा मला घेऊन आल्या. इतक्या खुर्च्यांतून हीच का, असे कुणी विचारले तर म्हणाल्या, "हिच्यावर झोप येणार नाही."

कुचेराबाई तेव्हा हे केंद्र उभे करत होत्या. माणसे आजारी का पडतात, बरी का होत नाहीत, याचा शोध घेणारे केंद्र. जागा म्हणजे तळघराचा अर्धा मजला. मक्याच्या राज्यात कसले आले संशोधन, म्हणून मोठ्या शहरांतले विद्वान नाक मुरडत. आमची हुशार मुलेही शिकून तिकडेच जात. बाईंनी कंबर कसली. सर्वांना वापरता येतील अशी यंत्रे एका खोलीत आणली. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला एक जाणता मार्गदर्शक दिला. पाच वर्षे केंद्र त्याला सांभाळणार. तेवढ्यात त्याने देशाच्या मोठ्या समितीकडून स्वतःचे अनुदान मिळवायचे आणि आपली जागा पुढच्याला द्यायची.

त्या मोठ्या समितीत अर्जावर चर्चा होते तेव्हा अर्ज करणारा तिथे नसतो. त्याला काही समजावून सांगता येत नाही. म्हणून बाई आधी आपल्याच लोकांची समिती बसवत, अर्जदाराला माझ्यावर बसवत आणि त्याच्या तोंडाला कुलूप लावत. त्याच्यासमोर त्याच्या अर्जाची चिरफाड चाले. त्याने फक्त ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. माझ्यावर बसून भलेभले घामाघूम झाले. पण त्यांतले सात जण आज स्वतःच्या पायांवर उभे आहेत, आणि याच राज्यात आहेत. लोक माझे कौतुक करत, तेव्हा मला फार बरे वाटे.

मग नवी इमारत झाली. चाकांच्या खुर्च्या आल्या. चर्चा संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आणि ज्याला ऐकवत नसे तो आवाज बंद करून टाकी. मी अडगळीत पडले. दोन वर्षे माझ्यावर कोऱ्या कागदांची खोकी होती. खरे सांगते, मी मनातून खचले होते.

त्याच काळात ब्रिट ओस्टरगार्डचा अर्ज परत आला. ब्रिट ही वाळूच्या टेकड्यांत गुरे पाळणाऱ्या घरातली मुलगी. धान्याच्या कोठारात राबणाऱ्यांची फुप्फुसे धुळीने सुजतात. काहींची सूज उतरते, काहींची वर्षानुवर्षे उतरत नाही. असे का, ते ती शोधत होती. मोठ्या समितीने तिचा अर्ज चर्चेलाही घेतला नाही. तिच्या पाच वर्षांतले एकच उरले होते. याही वेळी जमले नाही तर प्रयोगशाळा बंद करून तिला राज्य सोडावे लागणार होते.

बाईंनी मला स्वतः बाहेर ओढले आणि ओल्या फडक्याने पुसले. शुक्रवारी दुपारी समिती बसली. टेबलावर गरम चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा होता, सोबत दालचिनीचे गोड रोल. ब्रिटने कशालाच हात लावला नाही.

आकडेमोडीतले जाणते मायलो स्वोबोदा सर्वांत फटकळ. त्यांनी अर्ज बाजूला सारला. "यात नवीन काय आहे? धूळ जाते, सूज येते. हे माझ्या आजोबांच्या घोड्यालाही ठाऊक होतं."

ब्रिटने तोंड उघडले.

"तू इथे नाहीस," बाई शांतपणे म्हणाल्या. मग मायलोंकडे वळल्या. "नववं पान वाचलंस?"

"सातव्यावर थांबलो. भूक लागली होती."

"मोठ्या समितीतल्यांनाही लागते. आता वाच. मोठ्यानं."

मायलो वाचू लागले. सूज आणणाऱ्या पेशी काम संपले की निघून जातात. या आजाऱ्यांत त्या निघतच नाहीत. त्यांना निघा म्हणून सांगणारा रेणू ब्रिटला सापडला होता, आणि तो दिल्यावर उंदरांची सूज उतरली होती. मायलोंनी चष्मा काढला.

"पोरी, हे नवव्या पानावर? आणि तेही 'कदाचित', 'थोडंफार', 'असं वाटतं' म्हणत?"

"आता बोल," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा नियम मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"पहिल्याच पानावर स्वतःची टिमकी कशी वाजवायची?" ब्रिट म्हणाली. "आमचा बैल मेळ्यात पहिला आला तरी बाबा म्हणतात, वाईट नाही."

"आमच्याकडेही तेच," मायलो म्हणाले. "म्हणून तर आपल्याला कुणी विचारत नाही."

"कोठारात खोकणाऱ्या माणसाला तुझा हा संकोच काय कामाचा, ब्रिट?" बाईंनी विचारले. "दिसलं ते दिसलं म्हण."

"आणि पुन्हा नाहीच मिळालं तर?"

"तर पुन्हा बसशील. पुढच्या शुक्रवारी तर बसणारच आहेस."

ती चार शुक्रवार बसली. नववे पान सहावे झाले, मग तिसरे, आणि शेवटी ती गोष्ट पहिल्या ओळीत आली. एकेक 'कदाचित' गळत गेले. एक मात्र मायलोंनी खोडू दिले नाही. "हे राहू दे. इथे तुला खरंच माहीत नाही," ते म्हणाले.

वसंतात उत्तर आले. अनुदान मिळाले होते. ब्रिट रिकाम्या खोलीत आली, माझ्यावर बसली आणि पोटभर रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, अलीकडे माझा एक पाय डुगडुगतो. मला रंग नको, गादी तर मुळीच नको, पण तेवढा पाय बसवून घ्या आणि मला पुन्हा खोक्यांखाली घालू नका. आमच्या राज्यातली पुष्कळ मुले अजून माझ्यावर बसायची आहेत. गेल्या शुक्रवारीच एक नवी मुलगी बसली होती. समोर समितीत ब्रिट होती. अर्ज उघडून ती इतरांना म्हणाली, "मी हा शेवटच्या पानापासून वाचलाय. तिथे एक ओळ आहे, ती आधी ऐका."