सोफ्यावरची उशी

दारावर थाप पडली तेव्हा सोस्ना चूळ भरत होती. इतक्या सकाळी थाप मारणारा शेजारी नसतो, हे परक्या देशात राहणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. 

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा, इयोबचा, झोपाळलेला आवाज आला, "कोण आहे?" आणि पाठोपाठ कडी काढल्याचा. किती वेळा सांगितलं होतं, आधी भोकातून बघ म्हणून! पण लहानपणीच आईच्या कडेवर बसून जो अमेरिकेत आला आणि ज्याच्या खिशात इथला पासपोर्ट आहे, त्याला कसली भीती? या घरातली भीती सगळी बायकोच्या वाट्याला.

इमिग्रेशनच्या ऑफिसातून दोघं आले होते, एक बाई आणि एक बुवा. बोलणं अगदी लोण्यासारखं. लग्न खरं की कागदापुरतं, तेवढं बघायचंय, आत येऊ का? इयोब "या, या" म्हणाला आणि मग त्याची ट्यूब पेटली. सोफ्यावर त्याची उशी होती, चुरगळलेलं पांघरूण होतं, चार्जरला लावलेला फोन होता.

"इथं कोण झोपतं?" बाईनं विचारलं.

"मी," इयोब म्हणाला.

"का बरं?"

"मी घोरतो," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी आतल्या दारातून सोस्ना म्हणाली, "त्याची पाठ धरलीय."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  न्हाणीघरात दोन टूथब्रश आहेत का ते पाहिलं, कपाट उघडायला सांगितलं, आभार मानले आणि गेले. सोस्ना तिथंच जमिनीवर बसली. 

खरं कारण होतं हुदादे. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि चर्चमध्ये डोक्यावर मुकुट घालून ज्यांचं लग्न लागलं त्या नवरा-बायकोनं एका अंथरुणावर निजायचं नाही. तिकडे इथिओपियात, गोंदरला, सोस्नाच्या आईनं जन्मभर हे पाळलं आणि तरी तिला सात लेकरं झाली. म्हणजे व्रतानं संसार काही मोडत नाही. पण हे त्या गोड बोलणाऱ्या बाईला सांगायचं कसं? अंथरुणाच्या गोष्टी परक्यापुढे? सोस्नाची जीभ झडली असती.

आणि जीभ झडली नाही म्हणून आता सगळंच झडायची वेळ आली. ती नर्सिंग शिकायला विद्यार्थी व्हिसावर आली होती. शिक्षण संपलं, त्या व्हिसाचीही मुदत सरली. इथं राहणं होतं ते लग्नानंतर ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जाच्या जोरावर. अर्ज फेटाळला की बॅग भरायची, आणि खोट्या लग्नाचा शिक्का एकदा बसला की पुन्हा या देशाचं दार उघडायचं नाही. नवरा इथं सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, बायको गोंदरला.

थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. दोघांनी यायचं, चौकशी वेगवेगळी होईल.

त्यांच्या तळघराच्या वर घरमालकीण राहायची, वुबितमावशी. गल्लीतल्या प्रत्येक हबेशाचा, म्हणजे त्यांच्या मुलखातल्या माणसाचा, व्हिसा आपल्यालाच विचारून लागतो असा तिचा तोरा. तिनं कॉफी ओतता ओतता निकाल दिला, "उपासाचं नाव काढू नका. बायको अंगाला हात लावू देत नाही म्हटल्यावर ते काय म्हणतील? लग्न खोटं! घोरणं बरं. घोरणं सगळ्या देशांत चालतं."

"पण मी पाठ म्हणाले होते ना, मावशी."

"मग घोरून घोरून पाठ धरली म्हण! नर्स ना गं तू?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. सोस्नाला आता वरच्या जिन्यावर पाऊल वाजलं तरी घाम फुटायचा. रात्री सोफ्यावरून घोरणं ऐकू आलं की तेवढ्यापुरता धीर यायचा, चला, अगदीच खोटं नाही. एकदा इयोब म्हणालाही, "अगं बाई, मीच आत येऊन झोपतो. देवाला समजावू नंतर." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उशी घेऊन मुकाट परत गेला.

ऑफिसात आधी इयोबला आत घेतलं. सोस्ना बाहेर खुर्चीत आकसून बसली. तो बाहेर आला तेव्हा त्याला बोलू दिलं नाही, फक्त लांबून त्यानं अंगठा वर केला. मग तिला बोलावलं.

टेबलामागे टक्कल पडलेला, शांत चेहऱ्याचा ऑफिसर होता. "उजवा हात वर करा. खरं सांगेन अशी शपथ घ्या."

तिनं हात वर केला. गळ्यातला क्रॉस ब्लाउजच्या आत घामानं चिकटला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. उपासात खोटं बोललं की उपास मोडला, हे आईनं तिला चालायला लागायच्या आधी शिकवलं असावं.

"तुमचे पती सोफ्यावर का झोपतात?"

घोरतो. एवढा एक शब्द. तोच तिला म्हणवेना. आणि मग, मान खाली घालून, कानशिलं तापलेली असताना तिनं सगळं सांगून टाकलं. हुदादे, मुकुट, अंथरूण, सगळं.

ऑफिसर लिहीत राहिला. मग म्हणाला, "तुमचे पती तर घोरण्याचं सांगून गेले. शपथेवर."

 आपण उपास वाचवला आणि नवऱ्याला खोट्यात पाडलं. झालं, संपलं.

"काल संध्याकाळी त्यांनी काय खाल्लं?"

"मसूर, कोबी, इंजेरा. मीच वाढलं," ती कसंबसं म्हणाली.

ऑफिसरनं पेन खाली ठेवलं आणि इयोबला आत बोलावलं. "तुमच्या पत्नी म्हणतात, सोफा उपासामुळे."

इयोबचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं सोस्नाकडे पाहिलं, मग मान हलवली. "उपासामुळेच, साहेब. तिला लाज वाटते म्हणून मी घोरणं सांगितलं."

"म्हणजे तुम्हीही उपास करता?"

"हो."

"पण काल संध्याकाळी गाडीत बसून तळलेल्या कोंबडीचं सँडविच खाल्लं, असं तुम्हीच मला सांगितलंत."

 सोस्ना उठलीच. कुठला ऑफिसर आणि कुठलं कार्ड! ती आपल्या अम्हारिक भाषेत सुटली. "कोंबडी? हुदाद्यात कोंबडी? अरे निर्लज्जा, मी इथं पाण्यावाचून टाचा घासते आणि तू गाडीत लपून हाडं चघळतोस? आणि वर घरी येऊन मसूर ओरपलास, 'वा, काय चव आहे' म्हणालास! आईचं दूध प्यायलास की चुलीची राख?"

"काय म्हणतायत त्या?" ऑफिसरनं इयोबला विचारलं.

"म्हणते... मला लाज नाही."

"एवढंच? बरंच लांब होतं."

"राख पण आहे त्यात, साहेब."

"आणि घोरण्याचं काय? तेही खोटंच?"

"घोरतो ना!" सोस्ना इंग्रजीत कडाडली. "रेड्यासारखा घोरतो! पण त्यासाठी मी कुणाला सोफ्यावर घालवत नाही!" मग आपण कुठं उभे आहोत ते तिला आठवलं. ती मटकन खाली बसली.

ऑफिसरनं चष्मा काढून डोळे पुसले. हसत होता की काय, कळेना. "पुढच्या वेळी शपथेवर लाज वाटली तर तसं सांगायचं, खोटं नाही," तो इयोबला म्हणाला. "मी मंजुरीची शिफारस करतोय. कार्ड पोस्टानं येईल."

गाडीत बसल्यावर सोस्नाला रडू फुटलं. रडणं ओसरलं तशी ती वळली. "त्याला कोंबडी सांगितलीस. मला नाही?"

"त्याची इतकी भीती नव्हती वाटत."

"अरे, तो मला देशातून घालवू शकत होता!"

इयोब स्टिअरिंगकडे बघत राहिला. "आई म्हणते, मामा म्हणतो, सगळेच म्हणतात, कार्ड आलं की ही जाईल. म्हटलं, कोंबडी कळली तर जायला आणखी एक कारण व्हायचं."

सोस्ना त्याच्याकडे बघत राहिली. इतके महिने भीती आपल्याच एकटीच्या अंगात आहे असं ती धरून चालली होती.

"मूर्ख आहेस," ती शेवटी म्हणाली. "कार्डासाठी लग्न केलं असतं ना, तर तुला पहिल्या दिवसापासून आत झोपवलं असतं. सोफ्यावर नवऱ्याला घालवायची हिंमत खोट्या बायकोत असते होय?"

इयोबनं गाडी चालू केली नाही. तो तिचा हात धरून तसाच बसून राहिला, आणि उपास असूनही तिनं हात सोडवला नाही.