पेटा कोणी खाल्ला

"बाबा, कोंबडीचा पेटा दरवेळी तुम्हीच का खाता?"

विचारलंच नाबोसाने! नालुले आणि क्योलाबा या मैत्रिणी शाळेत म्हणाल्या होत्या, "तुझी कसली छाती होतेय!" झाली की नाही? तीही चटईवर गुडघे टेकून, बाबांपुढे ताट ठेवता ठेवता.

बाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. ताटात मातोकेचा, म्हणजे शिजवून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचा, पिवळा, वाफाळता गोळा, शेंगदाण्याचा रस्सा आणि केळीच्या पानात शिजवलेली कोंबडी. सकाळी नाबोसानेच तिचे पंख पायाखाली दाबून मान चिरली होती. रक्ताचे शिंतोडे अजून पोटरीवर वाळलेले होते. मान चिरलेली चालते, पण पोटातला तो करकरीत गोळा खाल्लेला चालत नाही!

"घरधनी मी आहे म्हणून," बाबा हसले. "बाईने पेटा खाल्ला तर दाढी फुटते तिला."

"बघू तरी फुटते का!"

नाबोसाने पेटा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. वा! म्हणून लपवून ठेवलाय होय आमच्यापासून!

थप्पड बसणार हे तिला ठाऊक होतं. गाल तयारच होता. उद्या मैत्रिणींना वळ दाखवायचा, एवढंसुद्धा ठरलं होतं.

पण बाबा तिच्याकडे वळलेच नाहीत. ते उठले, चटईच्या टोकाशी बसलेल्या आईकडे गेले आणि तिच्या छातीत लाथ घातली.

"नाबोसाची आई, हे शिकवलंस पोरीला?"

आई कोलमडली. तिच्याजवळचं पातेलं कलंडून रस्सा चटईभर पसरला. बाबांनी भिंतीला टेकवलेलं मुसळ उचललं.

"तिने नाही शिकवलं! मी खाल्ला! मला मारा ना!" नाबोसा किंचाळत होती.

आईने डोकं वाचवायला हात वर केला. मुसळ त्याच हातावर बसलं. सकाळी कोंबडीची तंगडी मोडताना आला होता तोच आवाज आला, फक्त मोठा.

नाबोसा झेपावली आणि बाबांच्या मनगटाला कडकडून चावली. त्यांनी तिला झटकलं. ती चौकटीवर आपटली, ओठ फाटला. पण मुसळ गळून पडलं होतं. ते तिने दोन्ही हातांनी उचललं आणि आईच्या पुढे उभी राहिली.

बाबा धापा टाकत आईच्या हाताकडे बघत राहिले. तो भलत्याच जागी वाकला होता. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मोटरसायकलवाल्याला हाक मार. दवाखान्यात सांगायचं, विहिरीवर पाय घसरला."

"हो," आई कण्हत म्हणाली, "पाय घसरला."

मागे तिचा दात पडला, तेव्हाही पायच घसरला होता.

नाबोसाने तोंडातलं रक्त थुंकलं.

"नाही घसरला. आई, मी तुझ्याबरोबर येतेय. आणि बाबा, तुम्हीही ऐकून ठेवा. डॉक्टरांनी विचारलं की मी खरं सांगणार. तिथून पोलीस चौकीत जाणार, हे मुसळ घेऊन. पेटा मी खाल्ला आणि हात तुम्ही मोडला, दोन्ही सांगणार."