फळीखालच्या तारखा

मिस्त्रींच्या हातात कसब होतं, हे त्यांचे वैरीही कबूल करत. त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, त्यांचं टेबल कधी डगमगलं नाही. दोष एवढाच, की जगातलं कुठलंही दुखणं रंधा-करवतीनं दुरुस्त होतं अशी त्यांची पक्की समजूत होती. माणूस कितीही हुशार असो, एका ठिकाणी तो ठार अडाणी असतोच. मिस्त्रींचं ते ठिकाण हे.

त्यांची आणखी एक सवय होती. केलेल्या प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला ते पेन्सिलीनं तारीख घालत. नाव नाही, सही नाही, फक्त तारीख. आणि ती त्यांना पाठही असे.

बायको गेल्यावर घरात दोनच जीव उरले. एक मिस्त्री आणि दुसरी बायकोची पंधरा वर्षांची मांजर, बाईसाहेब. हे नाव बायकोनंच ठेवलेलं, कारण खाण्याच्या ताटलीपाशी येतानाही मांजरीचा तोरा असा, की उपकार करायला आली आहे. "हिला नीट सांभाळा," असं बायको शेवटी म्हणाली होती. बायकोसाठी करता येण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि मिस्त्री ते जिवापाड करत होते.

जूनमध्ये बाईसाहेबांना खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारता येईना. खाली बसून त्या नुसत्या वर बघायच्या आणि मग काहीतरी काम आठवल्याचा आव आणून निघून जायच्या. मिस्त्रींना ते बघवेना. दुपारच्या आत त्यांनी तीन पायऱ्यांचा जिना ठोकला, वर गालिच्याचा तुकडा लावला, खाली तारीख घातली.

मग बाईसाहेब मातीच्या ट्रेबाहेरच लघवी करायला लागल्या. मिस्त्रींनी एका बाजूनं अगदी बुटकी अशी नवी लाकडी चौकट केली. पाण्याची वाटी दिवसातून चारदा रिकामी व्हायला लागली, तेव्हा मोठं भांडं बसेल अशी तिवई केली, म्हणजे म्हातारीला मान वाकवायला नको. ती कपाटामागे दडून बसायला लागली, तर तिथे फळ्यांची सुरेख गुहा झाली. हातासरशी मिस्त्रींनी स्वतःलाही एक उंच स्टूल करून घेतलं, बसून रंधा मारायला. बाईसाहेबांनी अंग चाटणं सोडलं, केसांच्या गाठी झाल्या, तेव्हा पॉलिशच्या मऊ ब्रशला नवी मूठ बसली. पुढे त्यांच्या अंगावरचं मांस उतरलं. त्यावर मात्र मिस्त्रींच्या पेटीत हत्यार नव्हतं. "वय झालं," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. ती फोनवर विचारायची, "बाईसाहेब काय म्हणतायत?"

"मजेत. जिन्यानं चढतात-उतरतात."

लेक हसायची. तिला ते गोड वाटायचं.

जानेवारीत चार दिवसांची रजा काढून ती आली. मांजरीला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. हातात वजन असं लागलंच नाही.

"बाबा, ही अशी कधीपासून?"

"अशी म्हणजे? म्हातारी झालीय. सोय बघ ना किती केलीय." मिस्त्रींनी कौतुकानं एकेक वस्तू दाखवली.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"म्हातारपणाला डॉक्टर काय करणार?"

लेकीनं टॉवेल घेतला, टोपली घेतली आणि चपला घातल्या.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण शब्द मोजून वापरणारी. उडी कधी बंद झाली, पाणी कधी वाढलं, दडणं कधी सुरू झालं, असं तिनं विचारलं. मिस्त्रींनी धडाधड सांगितलं. जिना चार जून, चौकट अकरा जुलै, तिवई एकोणीस ऑगस्ट, गुहा तीस सप्टेंबर.

"इतकी अचूक माहिती कुणीच आणत नाही," ती लिहून घेत म्हणाली. मिस्त्री सुखावले, हे सांगायलाही लाज वाटते.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालीत. सांधेही दुखत असणार. काका, पाणी वाढलं त्याच आठवड्यात आणलं असतंत, तर पथ्यावर आणि औषधावर कदाचित दोन वर्षंही निघाली असती."

"पण ती कधी ओरडली नाही हो."

"मांजर ओरडत नाही. उडी सोडते, चाटणं सोडते, कोपरा धरते. तेच तिचं सांगणं असतं. वय हा काही आजार नाही."

"आणि आता?"

"आता फक्त हाल थांबवता येतील."

इंजेक्शन देताना लेकीनं बाईसाहेबांना मांडीवर घेतलं होतं. मिस्त्रींनी हात पुढे केला. लेकीनं टॉवेलचं टोक ओढून मांजर झाकली, त्यांचा हात लागणार नाही अशी.

घरी आल्यावर ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. आत आईचं स्टूल होतं. उभ्यानं अंघोळ होईना, तेव्हा मिस्त्रींनी करून दिलेलं. शेजारी भिंतीला धरायचा लाकडी दांडा.

"याची तारीख सांग."

मिस्त्रींनी सांगितली. खोटं बोलायचं सुचलंच नाही. लेकीनं बोटांवर महिने मोजले.

"आईला दवाखान्यात नेलं, त्याच्या अकरा महिने आधी."

"तिनं कधी दुखतंय म्हणून सांगितलं नाही गं."

"तू सांगायची वेळच येऊ दिली नाहीस, बाबा. ती भिंतीला टेकायच्या आत तुझा दांडा तयार."

चार दिवसांसाठी आलेली लेक संध्याकाळच्या बसनं परत गेली.

मिस्त्रींना आधी संताप आला. एवढं राबलो, त्याचं हे फळ! त्यांनी जिना कारखान्यात नेला आणि हातोडा उचलला. चांगल्या कारागिराची वस्तू सहजी मोडत नाही. तिसऱ्या घावाला त्यांना दम लागला, छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं, आणि ते स्वतःच्या उंच स्टुलावर बसले. हल्ली ते इथेच बसत. उभ्यानं रंधा मारणं जमेनासं झालं होतं, आणि स्टूल झाल्यापासून त्याची अडचण वाटत नव्हती.

मग उठून त्यांनी स्टूल उलटं केलं. तारीख पाठ होती, तरी वाचली. आणि लेकीला फोन लावला.

"काय आहे?" पलीकडून बसचा आवाज येत होता.

"आणखी एक स्टूल आहे," मिस्त्री म्हणाले. "माझं."

तिनं विचारलं, "कुठली तारीख?"