पदरचा शेवट

भाच्याने अमेरिकेतल्या टँपाहून ई-रीडर पाठवला, तेव्हा ओतिलियाबाईंनी गल्लीभर त्याचं कौतुक सांगितलं. तळहाताएवढी वस्तू, पण आत शेकडो पुस्तकं. मनगट दुखत नाही, कसर लागत नाही. वीज गेली तरी पान उजळलेलं, आणि क्युबातल्या या सांता क्लारात वीज जायला काही निमित्त लागत नाही. खरं कारण मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. यात अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत होती. गेली दोन वर्षं बाईंना छापील अक्षर दिसतच नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं निभलं असतं. पण बाई सिगारच्या कारखान्यात वाचक होत्या. तिथे हॉलभर माणसं मान खाली घालून तंबाखूची पानं वळतात आणि चौथऱ्यावर बसून कुणीतरी त्यांना वाचून दाखवतं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचक कोण आणि कादंबरी कुठली, हे कामगारच मतं देऊन ठरवतात. आवडलं की पानं कापायची पाती फळीवर खडखडवतात. नाही आवडलं तर पाती सरळ जमिनीवर टाकतात, आणि मग तो वाचक फार दिवस टिकत नाही.

वर्तमानपत्राचं सोपं होतं. सकाळी रेडिओ ऐकून यायचं आणि कागदाकडे बघत तेच म्हणायचं. बातम्या तरी कुठे बदलत होत्या? कादंबरीत मात्र बाई पदरचं घालू लागल्या. सुरुवात झाली ती मिठागरवाल्याच्या बायकोच्या जाडजूड कादंबरीपासून. नवऱ्याचा मार खाऊन ती बायको, आंपारो, घर सोडते, इथपर्यंत डोळ्यांनी साथ दिली. पुढचं बाईंनी ठोकून दिलं. नवरा पस्तावतो, अनवाणी चालत येतो, तिच्या पाया पडतो आणि ती घरी परतते. त्या दिवशी पाती अशी वाजली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. शहाण्या माणसाने तिथेच कानाला खडा लावला असता. बाईंना चटक लागली.

ई-रीडर आला त्याच आठवड्यात नव्या कादंबरीसाठी मतदान होतं. पहिल्या ओळीतली नेरेइदा उठली आणि म्हणाली, तीच परत वाचा, मिठागरवाल्याच्या बायकोची. बाईंनी खूप समजावलं, आता कितीतरी नवी पुस्तकं आहेत म्हणून.

"लोकांना ऐकायचंय ते वाचा, बाई," वाचन समितीचा म्हातारा फेर्मिन म्हणाला. "यंत्राची हौस घरी फेडा."

"मला तो पाया पडतो तो भाग ऐकायचाय," नेरेइदा खाली बघत म्हणाली. "घरी सध्या बरं नाही चाललेलं."

भराभर हात वर झाले.

घरी बाईंनी ई-रीडरवर ते पुस्तक उघडलं. हरभऱ्याएवढ्या अक्षरांत त्यांनी पहिल्यांदाच खरा शेवट वाचला. लाज वाटली, पण लाजेहून आनंद मोठा होता. दोन वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला ताट मिळावं, तशा त्या वाचत सुटल्या. आंपारो बोटीत बसून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. इतक्या सुंदर शेवटावर आपली थाप परत चढवायची, हे त्यांच्याने होईना. पानं वळता वळता ऐकलेलं कोण लक्षात ठेवतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नेरेइदाचा विचारही मनात आला नाही. पुस्तकवेडी माणसं अशीच असतात. पुस्तकातल्या बाईसाठी जीव तुटतो आणि समोर बसलेली दिसत नाही.

कारखान्यात वाचन बोटीपर्यंत पोचलं तशी कुजबुज सुरू झाली.

"चुकलात, बाई," फेर्मिन म्हणाला. "इथे नवरा येतो."

"पुस्तकात असंच आहे."

"मग मागच्या वेळी काय होतं?"

"तेव्हा अक्षरं दिसत नव्हती," बाई म्हणाल्या. "पदरचं सांगितलं." एक पातं जमिनीवर पडलं. मग दुसरं, मग ओळीच्या ओळी. चौथरा गेला, हे बाईंना कळून चुकलं.

"डोळे गेले असं तेव्हाच म्हणाला असतात, तर सांभाळून घेतलं असतं," फेर्मिन म्हणाला. "आम्हाला मूर्खात काढलंत. उद्यापासून येऊ नका."

नेरेइदाने पातं टाकलं नव्हतं. "मी तेव्हा बहिणीकडे राहत होते, बाई," ती म्हणाली. "तो पाया पडला ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परत घरी गेले."

हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. वाचनाने मोडलेला संसार सांधला, असं खुद्द बाईंनीच गल्लीत मिरवलं होतं.

"आता पुढचं वाचा," नेरेइदा म्हणाली. "बोटीतून गेल्यावर तिचं काय होतं?"

बोटीनंतरची शेवटची पानंही बाईंनी घरी वाचली होती. बोट बुडाली असं म्हटलं असतं तर आपण परतलो तेच बरं, असं वाटून या पोरीच्या जिवाला थोडा तरी थारा मिळाला असता. पण अक्षरं लख्ख दिसत होती, आणि ती दिसायला नको होती असं बाईंना मनापासून वाटलं. त्यांनी वाचलं. आंपारो परक्या बंदरात उतरते, शिवणकाम धरते, भाड्याची खोली घेते. हळूहळू तिला रात्री शांत झोप लागायला लागते.

नेरेइदाने मान वर केली नाही, हातही थांबवले नाहीत.

"हे मला तेव्हा ऐकायचं होतं, बाई," ती म्हणाली आणि तिने पुढची सिगार वळायला घेतली.