लीलावतीबाईंची कंबर

बाथरूमच्या आरशासमोर आपली सून जीन्समध्ये पाठीमागे पिस्तूल खोचत उभी आहे, हे पाहून कुठलीही सासू किंचाळली असती. लीलावतीबाई किंचाळल्या नाहीत. वाळत घालायच्या कपड्यांची टोपली त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तिथं नको. खाली बसलीस की मणक्यात घुसेल."

दीप्ती दचकली. "आई, खेळण्यातलं आहे हे. गॅसवर चालतं, प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या उडतात."

"ते दिसतंच आहे. खरं असतं तर एव्हाना जीन्स खाली आली असती."

आता लीलावतीबाई पुण्यात पोलिसात होत्या हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या एका टेबलामागे बसून कागदांवर शिक्के मारत, हेही सगळ्यांना तितकंच पक्कं ठाऊक होतं. दीप्तीनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" तेव्हा त्यांना सहज थाप मारता आली असती. पण जपानात ग्योतोकुला लेकाकडे येऊन त्यांना पंच्याहत्तर दिवस झाले होते, आणि या पंच्याहत्तर दिवसांत त्यांना येणारी एकही गोष्ट कुणी त्यांना विचारली नव्हती. उलट कचरा टाकताना बाटलीचं झाकण कुठल्या पिशवीत आणि बाटली कुठल्या, हे दीप्तीनं त्यांना तीनदा समजावलं होतं, आणि चौथ्यांदा न बोलता स्वतःच उचलून बदललं होतं. ते न बोलणं त्यांना फार लागलं होतं.

"चौदा वर्षं साध्या कपड्यात बंदोबस्ताला होते," त्या म्हणाल्या. "मोठमोठ्या बायकांच्या मागे पर्स घेऊन फिरायचे. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी भाची आहे. पिस्तूल कुडत्याखाली."

"स्वप्निलला माहीत आहे?"

"त्याच्या बाबांना तेवढं माहीत होतं. पोराच्या जिवाला कशाला घोर? मग ते राहूनच गेलं. तूही बोलू नकोस."

दीप्ती बाहेर येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनंही आपली अडचण सांगून टाकली. ती ज्या सुपरमार्केटमध्ये बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची, तिथल्या बायकांचा एक संघ होता. महिन्यातून एका रविवारी चिबाच्या एका मैदानात ही लुटुपुटूची लढाई चालायची. या वेळचा खेळ असा, की एका 'मंत्रीणबाईं'ना गर्दीतून पलीकडे न्यायचं. गर्दीतले निम्मे लोक हल्लेखोर. मंत्रीणबाईंची अंगरक्षक कुडत्या-कोटाखाली पिस्तूल लपवून त्याच गर्दीत फिरणार, आणि तिला कुणी आधीच ओळखून खांद्यावर टपली मारली की ती बाद. सरावात दीप्ती तिन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत बाद झाली होती. संघाच्या प्रमुख नोगामी-सान फार गोड हसून म्हणाल्या होत्या, या रविवारी बघू, नाहीतर पुढच्या वेळी फोटो काढशील का, तुझे फोटो छान येतात.

"म्हणजे डच्चू," दीप्ती म्हणाली. "आई, इथं मला नवरा कुठल्या कंपनीत आहे हे न विचारणाऱ्या तेवढ्याच सहा जणी आहेत हो."

हे लीलावतीबाईंना लगेच कळलं. त्यांनी हात पुढे केला. दीप्तीनं पिस्तूल दिलं. ते चांगलं वीतभराहून लांब होतं आणि चकाकत होतं.

"हे कुणी निवडलं?"

"मीच. छान दिसत होतं."

"लपवायची वस्तू छान दिसून काय करायचीय? आधी रविवारी घालायचे कपडे बाहेर काढ. पिस्तूल मग."

दुसऱ्या दिवशी दोघी आकिहाबाराला असल्या पिस्तुलांच्या दुकानात गेल्या. दीप्तीचं जुनं पिस्तूल नियमाप्रमाणे बंद पेटीत होतं आणि अंगात रविवारचाच कुडता नि कोट होता. दुकानाचे मालक कुरोइवा-सान आधी सुनेशीच बोलत होते, सासूला त्यांनी बसायला स्टूल दिलं होतं. मग लीलावतीबाईंनी काउंटरवरचं एक पिस्तूल उचललं. नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि पहिलं काम म्हणजे मॅगझीन काढून आत काही नाही ना ते पाहणं. कुरोइवा-सान बोलायचे थांबले. आत जाऊन त्यांनी मखमलीचा एक ट्रे आणला आणि तो सरळ लीलावतीबाईंसमोर ठेवला.

पुढचा दीड तास दुकानात मराठी आणि जपानी सुखानं नांदल्या. लीलावतीबाईंनी दीप्तीला प्रत्येक पिस्तूल कमरेला लावून खाली बसायला लावलं, वाकायला लावलं, वरच्या फळीवरची पेटी काढायला लावली. जाडी जास्त ते बाद. मूठ कुडत्यातून वर येते ते बाद. शेवटी एक चपटं, बुटकं, दिसायला अगदी गरीब पिस्तूल उरलं. त्याच्या मागच्या घोड्याचं टोक कापडात अडकत होतं, ते त्यांनी कुरोइवा-सानना घासून गोल करायला सांगितलं. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या जाड पट्ट्या काढून पातळ बसवल्या, कारण दीप्तीचं बोट चापापर्यंत नीट पोचत नव्हतं. नेम धरायच्या पुढच्या माशीवर पांढरा ठिपका दिला. थंडीत गॅस मरगळतो, असं कुरोइवा-सान म्हणाले, आणि त्यांनी खिशात ठेवायच्या काइरोच्या गरम पुड्या फुकट दिल्या. निघताना ते कमरेत पार वाकले. लीलावतीबाईंनीही जमेल तितकं वाकून घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्या मनापासून खूश होत्या.

घरी आल्यावर त्यांनी दीप्तीच्या जुन्या जीन्सचा तुकडा कापून उजव्या कुशीवर बसेल असं म्यान शिवलं. "आता आठवडाभर हे अंगावर ठेवून घरातली सगळी कामं करायची," त्या म्हणाल्या. "तू बाद होतेस ती पिस्तुलामुळे नाही. तुझा हात सारखा तिथं जातो, आहे ना बघायला. पदर सावरल्यासारखा."

दीप्तीनं पिस्तूल लावून पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, पाचवीतल्या ओवीचा अभ्यास घेतला. हात कमरेकडे गेला की लीलावतीबाई जिभेनं च्यक् करत. ओवीला ही गंमत फारच आवडली. तीही आजीबरोबर च्यक् करायला लागली, आणि एरवी जपानीत उत्तर देणारी पोर मराठीत ओरडायला लागली, "आई, हात!" बाबांना सांगायचं नाही, हे तिनं मोठ्या मानानं कबूल केलं होतं.

गुरुवारपर्यंत हात थांबला. कोपर मात्र कमरेला चिकटून राहिलं.

"ते राहू दे," लीलावतीबाई म्हणाल्या. "कोपर असं धरलं की लोकांना वाटतं, कंबर दुखते."

दीप्ती त्यांच्याकडे बघतच राहिली. लीलावतीबाईंचं उजवं कोपर नेहमीसारखं कमरेला टेकलेलं होतं. पिस्तूल रोज संध्याकाळी ठाण्यात जमा व्हायचं, कोपर तेवढं घरी यायचं.

रविवारी पाच वाजता दीप्ती परतली ती दारातच बूट काढता काढता बोलायला लागली. मंत्रीणबाई पलीकडे पोचल्या होत्या. हल्लेखोरांनी अंगरक्षक समजून गर्दीतल्या फोटोवालीच्या खांद्यावर टपली मारली, चहावालीच्या मारली, दीप्तीला कुणी विचारलं नाही. उलट त्यांच्यातलाच एक जण जवळ येऊन म्हणाला, कंबर दुखतेय का, बसा ना, आणि त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली. "त्याला मी खुर्चीतूनच उडवला, आई. दुसऱ्याला उठून. नोगामी-साननी पुढच्या महिन्याच्या यादीत माझं नाव पहिलं लिहिलंय."

लीलावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

एवढ्यात स्वप्निल औषधांच्या दुकानातून आला. पिशवीतून त्यानं वेदनेवर लावायच्या पट्ट्यांची दोन पाकिटं काढली. "एक आईचं, नेहमीचं. आणि दीप्ती, हे तुझं. आठवडाभर बघतोय मी, तुझीही कंबर धरलीय."

ओवी फस्सकन हसली. मग दीप्ती हसली. मग लीलावतीबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

स्वप्निल पाकिटं हातात धरून उभाच राहिला. "दहा वर्षांचा होतो मी," तो अखेर म्हणाला. "तेव्हापासून तुझ्या पाण्याच्या बादल्या उचलल्यात. आईची कंबर दुखते म्हणून. क्रिकेट सोडून यायचो."

"यायचास," लीलावतीबाई म्हणाल्या. "एकदा सांगणार होते तुला. पण दारात तुझी पावलं वाजली की मला इतकं बरं वाटायचं, की म्हटलं, उद्या सांगू."

स्वप्निल खाली बघत हसला. डोळे पुसून त्यानं आईचं पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं. "मग हे परत देऊन येतो."

"असू दे रे," लीलावतीबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षापासून खरंच दुखते."

स्वप्निलनं पाकीट फोडलं. "कुठे, नीट दाखव," तो म्हणाला, आणि लीलावतीबाईंनी पहिल्यांदाच उजवं कोपर बाजूला घेऊन जागा दाखवली. ती डाव्या बाजूला होती.