तिकिटावरची कांचन

पहाटेपासून विनयाबाई उभ्याच होत्या. फ्रिज पुसून उघडा ठेवला, दूध बंद केलं, इंदिरा नगरातल्या शेजारणीला कुंड्यांच्या पाण्याचं पुन्हापुन्हा बजावलं. आणि एवढी धावपळ करून अमौसीच्या विमानतळावर येऊन बसल्या तर दिल्लीकडे आंधी सुटलेली, विमानाचा पत्ता नाही. अजून दिल्ली गाठायची, तिथून रात्रभर उडायचं, मग कुठे जर्मनी. युरोप बघायला निघालेलं माणूस लखनौतच अर्धं संपलं होतं. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतत होते. खरं तर त्यांना युरोपबिरोप काही नको होता. फ्रँकफर्टला धाकटा भाऊ नरहर घ्यायला येणार होता, आईच्या दिवसकार्यानंतर तो भेटलाच नव्हता. तिकिटंही त्यानंच काढून पाठवली होती. त्या भेटीच्या जोरावर बाई तग धरून होत्या.

दुपारी एकदाचं काउंटर उघडलं. त्यांच्या नवऱ्यानं, हेमचंद्रांनी, तिकिटांचं पाकीट पुढे सरकवलं. औषध-संशोधनात आयुष्य घालवलेला हा गृहस्थ, प्रयोगशाळेतल्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणारा. पण मेव्हण्याचं पाकीट त्यानं न उघडताच बॅगेत टाकलं होतं.

काउंटरवरच्या साहेबांनी पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला.

"सर, ये कांचन जी कौन हैं?"

"कांचन?" हेमचंद्र तापलेच. "हमारे यहाँ कोई कांचन नहीं है! अगं, बघितलंस? एजंटनं कुठल्या भलत्याच बाईचं तिकीट गळ्यात मारलंय!"

विनयाबाई काउंटरची कड धरून उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मीच ती कांचन."

हेमचंद्रांनी तिकीट ओढून घेऊन वाचलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'विनया' लिहिलं होतं ते त्यांनीच. पेढे वाटले गेले आणि माहेरचं नाव माहेरीच राहिलं. नरहर हाक 'ताई' अशीच मारायचा, पण त्याच्या डोक्यात ती अजून कांचनच होती. बहिणीच्या पासपोर्टवर काय असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नसणार.

साहेब चक्रावले. "शादी में सरनेम बदलता है, वो तो ठीक. आप लोग पहला नाम भी बदल देते हैं?"

"रिवाज है," हेमचंद्र पुटपुटले.

"अच्छा. मैडम से पूछकर बदलते हैं?"

हेमचंद्र चष्मा पुसू लागले. विनयाबाईंना एरवी हसू आलं असतं, पण आता जीव नुसता धास्तावला होता. "भैया, जाने देंगे न? मेरा भाई लेने आएगा."

साहेब आत गेले. दिल्लीला फोन लावून बराच वेळ बोलत राहिले, मग पेन उघडतच बाहेर आले. "हो जाएगा. बस, ये नाम काटना पड़ेगा."

"दोनों नहीं लिख सकते?"

"नहीं मैडम. एक ही चलेगा."

इतक्या वर्षांत त्यांनी त्या नावाची साधी आठवणही काढली नव्हती. आज ते छापलेलं समोर आलं, आणि लगेच नवऱ्यानं त्या कांचनला भलतीच बाई म्हटलं. ते फार लागलं. भांडावं, रडावं, तर अंगात त्राण कुठे होतं? तिकडे नरहर वाट बघत असणार.

"काटिए," त्या म्हणाल्या.

साहेबांनी सरळ रेघ मारली, वर 'विनया' लिहिलं आणि शिक्का ठोकला.

"सुटलो बाबा!" हेमचंद्रांनी बॅगा उचलल्या. "चल विनया, लवकर."

चार पावलं जाऊन त्यांनी मागे पाहिलं. बाई तिथेच उभ्या होत्या. हाक ऐकू आली होती, पण त्यांना ओ द्यावीशी वाटेना.

हेमचंद्र परत आले. पुन्हा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बायकोला काय म्हणून हाक मारावी तेच त्यांना कळेना.

"अगं..." एवढंच म्हणून ते थांबले.