छाटीच्या पाटावर रंगुबाई

सेहेचाळीस साली संगमनेरात काकासाहेबांच्या विडी कारखान्याचा मी दिवाणजी होतो, आणि राग माझ्या नाकावर कायम बसलेला असायचा. साठ बाया विड्या वळायला यायच्या. त्यातल्या चाळीस महिनाभरात पलीकडच्या कारखान्यात गेल्या. काकासाहेबांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "शामकांत, सोमवारी बाया परत दिसल्या नाहीत तर मी कुलूप घालतो. तुम्ही दुसरीकडे बघा."

बाया का गेल्या हे मला ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. भांडण छाटीचं होतं. संध्याकाळी बाई आपल्या विड्या घेऊन आली की तपासनीस सूर्यभान त्या निरखायचा आणि फुटक्या, सैल, वाकड्या विड्या बाजूला टाकायचा. ती छाट. तिची मजुरी मिळत नसे आणि विडीही परत मिळत नसे. वर तीच छाट आम्ही दुसऱ्या छापाखाली विकायचो. बायांना हे सगळं माहीत होतं. छाट वाढली की कारखान्याचंच भलं होत असेल, तर जीव लावून वळायचं कशाला? सूर्यभानला हात सैल सोडू नकोस म्हणून मीच बजावलं होतं. तेव्हा स्वतःला मी फार हुशार समजत होतो.

शनिवारी मी रंगुबाईच्या घरी गेलो. बाया गेल्या होत्या त्या तिच्याच मागोमाग. तिनं बसायला घोंगडं टाकलं, पण कपाळावरची आठी काही काढली नाही.

"छाटीला तुम्ही बसा," मी म्हणालो. "तुम्ही काढाल तीच छाट. आणि ती तिथंच, सगळ्यांसमोर मोडायची. विकायची नाही."

"मालकाला इचारलं का?"

"नाही. विचारलं तर नको म्हणतील."

ती पहिल्यांदाच हसली. "मंग यिते. पन खोट दिसंल तिथं बोट ठिवनार. मानूस बघनार न्हाई."

सोमवारी ती आली आणि तिच्यामागे बाकीच्याही आल्या. काकासाहेब दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. संध्याकाळी रंगुबाई पाटावर बसली. पहिली आली तिचीच सून, लंकाबाई. तिच्या निम्म्या विड्या रंगुबाईनं मोडल्या आणि तंबाखू सुपात ओतली. लंकाबाईचे डोळे भरून आले. मला मात्र मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सासूच इतकी कडक म्हटल्यावर मला कोण नावं ठेवणार?

मग रंगुबाईनं मोडलेल्या विडीचं पान बोटांत चुरलं आणि माझ्यापुढे धरलं.

"दिवाणजी, ही खोट वळनारीची न्हाई. पान जुनं हाय. किती भिजवा, चिरतंयच. कुनी घेतलं ह्ये?"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनी?"

पान मी घेतलं होतं. गेल्या सालचं, स्वस्तात, आणि त्याबद्दल काकासाहेबांची शाबासकीही घेतली होती. साठ बाया माझ्याकडे बघत होत्या. व्यापाऱ्यानं फसवलं, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. लंकाबाई पदरानं डोळे पुसत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"मी घेतलं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. आजच्या छाटीची मजुरी मिळेल. ही पानं उद्यापासून कुणाला द्यायची नाहीत."

काकासाहेब खुर्चीवरून उठले. "कुणाला विचारून बोलताय?"

"कुणालाच नाही. माझ्या चुकीपायी महिनाभर ह्यांची मजुरी कापली गेली. कुलूप घालायचं तर आत्ता घाला, पण शब्द मी मागे घेणार नाही."

रंगुबाईनं काकासाहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"फुडली या," ती म्हणाली.

साळूबाई आपलं सूप घेऊन पुढे झाली. रंगुबाई एकेक विडी बोटांत फिरवून बघू लागली. काकासाहेब बराच वेळ उभ्यानंच बघत राहिले, मग परत खुर्चीत बसले.

"शामकांत," ते म्हणाले, "नवं पान घ्यायला जाल तेव्हा रंगुबाईंना बरोबर न्या."